राखणदार

शेताला राखण लागते. खेळालाही लागते. ऑस्ट्रेलियातील अशाच एका राखणदाराची ही हकीकत आहे.

त्या देशात फुटबॉलचा एक निराळा खेळ आहे. मैदान लांबट गोल, चेंडूही लांबट गोल. एकेका बाजूला १८ गडी. चेंडू हाताने झेलता येतो आणि पायाने मारता येतो. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला, की ६ गुण मिळतात. तो जाऊ द्यायचा नाही, हे बचावाच्या गड्याचे काम.

नील डॅनिहर असे गडी होते. त्यांचा जन्म १९६१ सालचा. उंगारी हे त्यांचे लहानसे गाव. घरी शेती, भावंडे अकरा. १९७९ साली ते मेलबर्न शहराच्या एसेंडन संघातून खेळू लागले. १९८१ साली संघाचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. वयाच्या विसाव्या वर्षी पुढच्या हंगामाचे कप्तानपदही मिळाले.

पण गुडघा निकामी झाला! कप्तान म्हणून त्यांना एकही सामना खेळता आला नाही. पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. १९८४ आणि १९८५ साली संघ अजिंक्य ठरला. त्या दोन्ही अंतिम सामन्यांत नील नव्हते. तरी ते परत आले. १९९० साली चौघे सख्खे भाऊ एकाच संघातून खेळले. सारे मिळून नील यांचे सामने झाले फक्त ८२. पुढे १९९८ ते २००७ त्यांनी मेलबर्न संघाला खेळ शिकवला.

२०१३ साली त्यांना मोटर न्यूरॉन नावाचा आजार जडला. यात हातपाय हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. हात लुळे पडतात, वाचा जाते, श्वासही अडतो. हा आजार बरा करणारे औषध नाही.

नील रडत बसले नाहीत. २०१४ साली त्यांनी सोबत्यांसह संस्था काढली. २०१५ पासून दरवर्षी जूनच्या थंडीत नामवंत माणसे घसरगुंडीवरून बर्फाच्या पाण्यात पडतात. लोक निळ्या टोप्या विकत घेतात. तो पैसा औषधाच्या शोधासाठी जातो. आजवर दहा कोटी डॉलरहून अधिक जमले. २०२५ साली देशाने त्यांना वर्षाचा मानकरी निवडले.

मंडळी, स्वतःचा गुडघा त्यांना राखता आला नाही. पण दुसऱ्यांची राखण त्यांनी सोडली नाही.

प्रश्न
१. बचावाच्या गड्याचे काम कोणते?
२. नील यांचे कप्तानपद का वाया गेले?
३. आपल्या गावात आजाऱ्याला मदत करायची तर पैसा कसा जमवाल?