एक लिस्प, अनेक सिस्टिम्स: सीमेवर काय करावे, काय टाळावे

एसबीसीएल हा कॉमन लिस्पचा कंपायलर डिसेंबर १९९९मध्ये विल्यम न्यूमन यांनी सीएमयूसीएल या आधीच्या कॉमन लिस्पपासून वेगळा काढला. आज तो लिनक्स, मॅकओएस, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी आणि विंडोजवर चालतो. त्याचा मोठा भाग लिस्पमध्येच लिहिलेला आहे आणि खाली सी व असेंब्लीतला एक छोटा रनटाइम आहे. त्याच प्रोसेसरवर पण नव्या सिस्टिमवर जाताना ऑप्टिमायझर किंवा मॅक्रो यांना क्वचितच हात लावावा लागतो. सगळी झटापट होते ती लिस्प आणि ऑपरेटिंग सिस्टिम जिथे एकमेकांना भेटतात त्या सीमेवर. ही यादी त्या सीमेसाठी आहे. उदाहरणे बहुतेक एसबीसीएलची आहेत, पण स्वतःचा लहानसा लिस्प लिहिणाऱ्यालाही हेच खड्डे लागतात.

टाळावे: सिस्टिमचे आकडे लिस्पमध्ये हाताने लिहिणे.

फाइल नसेल तर नवी बनव, हे सांगणारा झेंडा लिनक्सवर (एक्स८६) ६४ आहे, मॅकवर ५१२. ‘थांबू नकोस’ हा झेंडा लिनक्सवर २०४८, मॅकवर ४. याहून घातक जोडी चूक-क्रमांकांची आहे. लिनक्सवर ११ म्हणजे ‘आत्ता नाही, पुन्हा प्रयत्न कर’ आणि ३५ म्हणजे ‘डेडलॉक होईल’. मॅक आणि बीएसडीवर हेच दोन आकडे नेमके उलटे आहेत. लिनक्सवरून उचललेला तक्ता घेऊन मॅकवर गेलात, तर प्रोग्रॅम पडणार नाही, चुकीचा निष्कर्ष काढून पुढे जाईल. सिग्नलचेही तेच. १० क्रमांकाचा सिग्नल लिनक्सवर वापरकर्त्यासाठी मोकळा ठेवलेला आहे, मॅकवर तो मेमरीच्या चुकीचा आहे.

करावे: आकडे त्या सिस्टिमच्या हेडर फाइल्सनाच विचारावेत.

एसबीसीएलमध्ये यासाठी सीमधला एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो ज्या मशीनवर लिस्प चालणार आहे तिथेच कंपाइल होतो, तिथेच चालतो आणि स्थिरांकांच्या व्याख्या लिस्पच्या रूपात छापून देतो. ती फाइल मग बिल्डमध्ये वाचली जाते. माणसाने आकडा टंकायचा नाही, फक्त नाव लिहायचे. एसबीसीएलचे बिल्ड आळीपाळीने यजमानावर (जिथला तयार लिस्प बांधणी करतो) आणि लक्ष्यावर (जिथे नवा लिस्प चालणार), असे चार टप्प्यांत होते: यजमान, लक्ष्य, यजमान, लक्ष्य. हा प्रोग्रॅम दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे लक्ष्य मशीनवर चालतो. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही की माहिती दोन्ही दिशांनी वाहते. पहिल्या टप्प्यात लिस्प सीला सांगतो की माझ्या वस्तूंची मेमरीतली मांडणी अशी आहे, हे घे तुझे हेडर. दुसऱ्या टप्प्यात सी लिस्पला सांगते की या सिस्टिमचे आकडे असे आहेत. ज्याला जे ठाऊक, त्यानेच ते सांगायचे. कुठलीही गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली नसली की ती दोन ठिकाणी वेगळी होण्याचा प्रश्नच उरत नाही.

टाळावे: सीमध्ये जे नाव दिसते ते लायब्ररीत खरेच आहे, असे धरून चालणे.

‘एर्‌नो’ हे चूक-क्रमांकाचे नाव सीमध्ये साध्या चलासारखे दिसते. प्रत्यक्षात तो मॅक्रो आहे आणि प्रत्येक थ्रेडसाठी वेगळी जागा दाखवतो. त्यामागचे फंक्शन लिनक्सवर एका नावाचे, मॅकवर दुसऱ्या. फाइलची माहिती देणाऱ्या ‘स्टॅट’ची गोष्टही तशीच. लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीच्या २.३३ आवृत्तीपर्यंत (२०२१) ते नाव शेअर्ड लायब्ररीत नव्हतेच. सी प्रोग्रॅमला ते लिंक करताना गुपचूप मिळायचे, चालू प्रोग्रॅममधून नाव शोधणाऱ्या लिस्पला मिळायचे नाही. इंटेल मॅकवर याच फंक्शनच्या नव्या रूपाला शेपूट लावलेले वेगळे नाव होते.

करावे: अशा प्रत्येक जागी सीमध्ये दोन-चार ओळींचे आवरण लिहावे.

ज्याला मॅक्रो, आवृत्त्या आणि शेपट्या समजतात त्या सी कंपायलरलाच ते काम द्यावे. लिस्पने फक्त आपल्या आवरणाचे नाव ओळखावे. एक सूचना मात्र आवर्जून पाळावी: चूक-क्रमांक कॉल परतताक्षणी वाचून ठेवावा. मध्ये कचरा गोळा करणारा कलेक्टर धावला किंवा सिग्नल आला, तर तो आकडा दुसऱ्याच कुणाच्या चुकीचा असू शकतो.

करावे: सिस्टिमचा स्ट्रक्ट सीमध्येच उघडावा आणि लिस्पला स्वतःच्या ठरलेल्या मांडणीत द्यावा.

फ्रीबीएसडी १२ने (२०१८) फाइलचा आयनोड क्रमांक ६४ बिटांचा केला आणि ‘स्टॅट’च्या स्ट्रक्टची सगळी मांडणी बदलली. ज्याने ‘आकार इतक्याव्या बाइटपासून’ असे लिस्पमध्ये लिहून ठेवले होते, त्याला आकाराच्या जागी भलतेच काही मिळाले असते. आवरण असेल तर फक्त पुन्हा कंपाइल करायचे. ‘लाँग’ हा प्रकारही इथेच आठवावा: ६४ बिटांच्या विंडोजवर तो ३२ बिटांचा, ६४ बिटांच्या लिनक्स-मॅकवर ६४चा.

टाळावे: कमी-जास्त आर्ग्युमेंट्स घेणारी सी फंक्शने थेट बोलावणे.

फाइल उघडणारे ‘ओपन’ हे असे फंक्शन आहे, कारण तिसरे आर्ग्युमेंट, म्हणजे परवानग्या, ऐच्छिक आहे. इंटेलवर ते साध्या फंक्शनसारखे बोलावले तरी बहुधा निभावते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते. ॲपलच्या एआरएम चिपवर मात्र ऐच्छिक आर्ग्युमेंट्स रजिस्टरमधून न जाता स्टॅकवरून जातात. लिस्प रजिस्टरमध्ये परवानग्या ठेवतो, फंक्शन स्टॅकवर जे सापडेल ते वाचते आणि नवी फाइल तुम्हालाच न उघडणाऱ्या परवानग्या घेऊन जन्माला येते. हे कॉलही सीच्या आवरणातून जाऊ द्यावेत.

टाळावे: लायब्ररीला वळसा घालून थेट कर्नलला हाक मारणे.

लिनक्सवर हे चालते, कारण तिथे कर्नल आपले सिस्टिम कॉल मोडत नाही. इतरत्र असे वचन कुणी दिलेले नाही. २०१६मध्ये मॅकओएस सिएरा आले तेव्हा गो भाषेच्या जुन्या आवृत्तीत बांधलेले प्रोग्रॅम कोसळू लागले. गोचा रनटाइम वेळ विचारायला कर्नलकडे थेट जात होता आणि आतली रीत बदलली होती. गो १.११पासून त्याचा रनटाइम मॅकवर सिस्टिमच्या लायब्ररीमार्फत जाऊ लागला. ओपनबीएसडीने ७.५ आवृत्तीत (२०२४) कोणत्याही क्रमांकाचा कॉल करू देणारे सामान्य फंक्शनच काढून टाकले. लिस्पने या वाटेला मुळीच जाऊ नये.

करावे: सीमेवरच्या फंक्शनला गरजेचे नाव द्यावे, साधनाचे नाही.

या यादीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हाच. कचरा गोळा करण्याआधी सगळे थ्रेड थांबवावे लागतात. युनिक्सवर एसबीसीएल परंपरेने प्रत्येक थ्रेडला सिग्नल पाठवायचा. विंडोजवर असा सिग्नलच नाही. तिथे दुसरी युक्ती केली: कंपायलर कोडमध्ये ठरावीक जागी एका खास पेजला स्पर्श करणारी सूचना पेरतो. एरवी तो स्पर्श निरुपद्रवी असतो. थांबवायचे झाले की त्या पेजचे संरक्षण चढवायचे, मग जो थ्रेड तिथे येईल तो अडकतो. तुमच्या सीमेवर ‘सिग्नल पाठव’ असे फंक्शन असेल तर विंडोजवर त्याचे सोंग आणावे लागेल. ‘सगळे थ्रेड थांबव’ असे असेल तर प्रत्येक सिस्टिम आपापल्या परीने ते पार पाडील. मेमरीचेही तसेच: ‘जागा राखून ठेव’, ‘वापरायला दे’, ‘लिहिण्यापासून जप’, ‘परत कर’ ही चार क्रियापदे सगळीकडे लागतात आणि पुरतात. एसबीसीएलच्या सी रनटाइममध्ये प्रत्येक सिस्टिमची एक फाइल आणि सिस्टिम-प्रोसेसर जोडीची आणखी एक छोटी फाइल आहे. रजिस्टरचे मूल्य किंवा प्रोग्रॅम कुठवर आला, हे सिग्नलच्या संदर्भातून काढणे दुसरीचे काम. वरच्या कलेक्टरला त्यातले काही कळावे लागत नाही.

टाळावे: पेज ४०९६ बाइटचेच असते, असे समजणे.

ॲपल सिलिकॉनवर, म्हणजे ॲपलच्या एआरएम चिपवर, ते १६ केबीचे आहे. एआरएम लिनक्सवर ४, १६ किंवा ६४ केबी असू शकते. विंडोजवर पेज ४ केबीचे असले तरी जागा राखताना सुरुवात ६४ केबीच्या पटीतच मिळते. हा आकडा प्रोग्रॅम सुरू होताना विचारून घ्यावा.

टाळावे: लिहिता येणारी आणि चालवताही येणारी मेमरी मागितली की मिळेल, हा भरवसा.

लिस्पचा जीव इथेच आहे, कारण तो चालता चालता नवा कोड बनवतो. ओपनबीएसडी ६.०पासून (२०१६) एकाच पेजवर दोन्ही हक्क हवे असतील तर प्रोग्रॅमवर तशी खूण लागते आणि तो ज्या डिस्क विभागावर आहे त्यालाही खास परवानगी लागते. ॲपल सिलिकॉनवर अशी मेमरी वेगळा झेंडा लावून मागावी लागते आणि मग प्रत्येक थ्रेडने ‘आता लिहितो’, ‘आता चालवतो’ असे पालटत राहायचे. म्हणून ‘इथे कोड लिही’ हे पहिल्या दिवसापासून स्वतंत्र फंक्शन असावे. ते आज लिनक्सवर रिकामे असले तरी हरकत नाही. नंतर कंपायलरभर विखुरलेल्या शंभर जागा शोधत फिरावे लागणार नाही.

करावे: कर्नलला दिलेला बफर जागेवर खिळवून ठेवावा.

कलेक्टर वस्तू हलवतो, कर्नलला ते ठाऊक नसते. आणखी एक बारकावा: ‘जुन्या पिढीची’, म्हणजे दीर्घकाळ टिकलेल्या वस्तूंची, पेजेस कलेक्टरने लिहिण्यापासून जपलेली असतील आणि लिस्पने तिथे लिहिले, तर सिग्नल येतो व रनटाइम सावरतो. पण कर्नलने तिथे लिहायचा प्रयत्न केला तर सिग्नल येत नाही, कॉल नुसता ‘पत्ता चुकीचा’ म्हणून परततो. यावर दिवस घालवलेल्याला मी वेगळे सांगायला नको.

टाळावे: सिस्टिमच्या नावांवर अटी रचत जाणे.

अटीनुसार ओळ ठेवणाऱ्या किंवा वगळणाऱ्या #+ आणि #- या खुणा लिस्पची मोठी सोय आहेत, पण त्यांना शुद्धलेखन कळत नाही. सिस्टिमचे नाव एका अक्षराने चुकले तर इशारा मिळत नाही, #+ची ओळ नसल्यासारखी होते. अटी क्षमतेच्या असाव्यात: थ्रेड आहेत का, सिग्नल आहेत का. आणि त्या सीमेवरच्या मोजक्या फाइल्समध्येच असाव्यात. क्रॉस-कंपाइल करताना यजमान लिस्पची लक्षणे आणि लक्ष्याची लक्षणे वेगळ्या याद्यांत ठेवावीत. एसबीसीएलने अनेक वर्षे लक्ष्यासाठी उद्गारचिन्ह घातलेली निराळी खूण वापरली, ती याच गोंधळापासून वाचण्यासाठी.

करावे: फाइलचे नाव आणि लिस्पचा पाथनेम यांच्यामध्ये एक सरळ, काहीही अर्थ न लावणारी वाट ठेवावी.

कॉमन लिस्पच्या १९९४च्या मानकातला पाथनेम सहा भागांचा आहे. त्यात उपकरण आणि आवृत्तीही येतात, कारण तेव्हाच्या अनेक सिस्टिम्सवर ते होते. त्यात भर म्हणजे एसबीसीएल चौकटी कंसाला नमुना समजतो, म्हणून नावात [१] असलेली डाउनलोड केलेली फाइल साध्या मार्गाने उघडत नाही. ‘नेटिव्ह’ नाव वाचणारी आणि देणारी फंक्शने त्यासाठीच आहेत. सिस्टिमकडून आलेले नाव तिथूनच आत घ्यावे.

टाळावे: फाइलचे नाव म्हणजे अक्षरांची माळ, असे मानणे.

लिनक्सवर नाव म्हणजे बाइट, विंडोजवर १६ बिटांचे तुकडे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टिमवर तर नाव साठवतानाच सुटे केले जायचे. ‘वऱ्हाड’ नावाची फाइल तिथे ठेवून यादी मागितली, तर ‘ऱ’ हे एक अक्षर र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांत परत येते. यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचे सहा होतात आणि लिस्पमधली साधी तुलना ही दोन नावे वेगळी ठरवते. लिनक्सवर नावाची मर्यादा साधारण २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे, काना-मात्रा-वेलांट्या धरून. विंडोजवर तेच नाव २५५ चिन्हांपर्यंत जाते. मराठी नावांच्या फाइल्स ही मोठी प्रामाणिक चाचणी आहे आणि ती आपल्याला फुकट उपलब्ध आहे.

करावे: दुसरा प्रोग्रॅम सुरू करायचे सगळे काम एकाच सी फंक्शनमध्ये उरकावे.

थ्रेड असलेल्या प्रोसेसने फोर्क केले, म्हणजे स्वतःची प्रत काढली, की त्या प्रतीत एकच थ्रेड उरतो. बाकीच्यांनी धरलेली कुलपे तशीच बंद राहतात. त्या क्षणी लिस्प चालू देणे धोक्याचे आहे. विंडोजवर फोर्क नाहीच, आणि आर्ग्युमेंट्स यादी म्हणून न जाता एक सलग ओळ म्हणून जातात. म्हणून लिस्पच्या बाजूला नेहमी यादी घ्यावी, अवतरणचिन्हांचे काम सीमेवर करावे.

टाळावे: वेळेचे शून्य कुठे आहे, हे दहा ठिकाणी लिहिणे.

कॉमन लिस्प १९००पासून सेकंद मोजतो, युनिक्स १९७०पासून. फरक २२०८९८८८०० सेकंदांचा. विंडोज १६०१पासून मोजते, तेही सेकंदाच्या एक कोटीव्या भागांत. तिन्हीमधले रूपांतर एकाच फाइलमध्ये असावे. कालावधी मोजायला मात्र यातले काहीच वापरू नये, कुणी घड्याळ मागे केले तरी पुढेच जाणारे घड्याळ वापरावे.

करावे: नव्या सिस्टिमवर पहिल्याच दिवशी क्षुल्लक वाटणाऱ्या चाचण्या चालवाव्यात.

नवी फाइल बनवून तिच्या परवानग्या वाचून पाहा. दोन जीबीहून मोठ्या फाइलच्या शेवटी जाऊन एक बाइट लिहा. थ्रेड चालू असताना कलेक्टर हजार वेळा धाववा. नसलेली फाइल उघडून चूक-क्रमांक बरोबर येतो का ते पाहा. ‘वऱ्हाड’ नावाची डिरेक्टरी बनवा आणि यादीत शोधा. वेळ-विभाग विचारा: कॉमन लिस्प तो ग्रिनिचच्या पश्चिमेकडे, अपूर्णांकात मोजतो, म्हणून मुंबईतल्या मशीनवर उत्तर उणे ११/२ आले पाहिजे. उणे ५ किंवा उणे ६ आले, तर कुणीतरी सीमेवर तास पूर्णांकात धरले आहेत.