दही घट्ट का लागते?

दही पातळ झाले की दोष विरजणावर, नाही तर दूधवाल्यावर येतो. पुष्कळदा खरे कारण दूध पुरेसे न तापविणे हे असते. शिक्षकांनी हा पाठ प्रयोगानेच घ्यावा.

एकाच दुधाचे दोन वाटे करावेत. एक नुसते कोमट करावे; दुसरे उकळी आणून दहा मिनिटे मंद आचेवर ठेवावे व तितकेच कोमट होऊ द्यावे. दोहोंत सारखे विरजण घालावे. कोलाडच्या उन्हाळ्यात सकाळी विरजलेले दही शाळा सुटेपर्यंत पाहता येते. तापविलेल्या दुधाचे दही घट्ट दिसेल. दुसरे सैल असून पाणी सोडील.

दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. विरजणातील जीवाणू दुग्धशर्करेचे आम्ल करतात, सामू ४.६ च्या जवळ येऊ लागला की केसीनचे कण परस्परांस चिकटून जाळे विणतात. उरलेली प्रथिने ७० अंश सेल्सिअसच्या वर उलगडून केसीनला जडतात. त्यामुळे जाळे बळकट होऊन पाणी धरून ठेवते. (चिकाच्या दुधात हीच प्रथिने विपुल असल्याने खरवस आम्लावाचून, केवळ वाफेवर बसतो. मुलांना हे चटकन पटते.)

न उकळलेल्या दुधाचे दही मात्र मुलांस चाखू देऊ नये. आंबटपणाने त्यातील रोगजंतू मरतातच असे नाही.