ऐन भराचे वय कोणते?

‘डॉक्टर, खेळाडू कोणत्या वयात ऐन भरात येतो?’ हा प्रश्न गोरेगावातल्या माझ्या दवाखान्यात अलीकडे वरचेवर विचारला जातो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. पहिले म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलाला प्रशिक्षणवर्गात घालून पुढच्या चार वर्षांचा हिशेब मांडणारे आईवडील. दुसरे म्हणजे चाळिशीकडे झुकलेले गृहस्थ. यांपैकी काही ‘आपले वय गेले’ म्हणून खुर्चीत बसून राहतात, तर काही वय गेलेच नाही असे समजून एकदम मैदानात उडी घेतात. या सर्वांच्या मनात समजूत एकच असते, ती म्हणजे उमेदीचे एक ठरावीक वय असते, त्याआधी सर्व घाई आणि त्यानंतर सर्व उतार. ही समजूत शरीरशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकते, हे आज आपण पाहणार आहोत.

संगणकावरचा खेळ काय सांगतो?

पंधरा वर्षांच्या एका रुग्णाने मला एका संगणकीय खेळाची ओळख करून दिली. त्याचे नाव ‘फुटबॉल मॅनेजर’. १९९२ साली इंग्लंडमध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने तो प्रथम बाजारात आला आणि २००४ पासून आताच्या नावाने ओळखला जातो. यात आपण चेंडू मारायचा नसतो, तर संघाचे व्यवस्थापक व्हायचे असते. खेळाडू विकत घ्यायचे, त्यांचा सराव ठरवायचा, कोणाला खेळवायचे आणि कोणाला विकायचे हे ठरवायचे. प्रत्येक खेळाडूच्या वेग, दम, निर्णयशक्ती अशा गुणांना १ ते २० पैकी आकडे दिलेले असतात. कोवळ्या खेळाडूचे आकडे विशीत चढत जातात. तिशीनंतर वेग आणि दम यांचे आकडे उतरू लागतात, पण खेळाची समज मात्र बराच काळ टिकते. गोलरक्षकाचा उतार इतरांपेक्षा उशिरा सुरू होतो.

हे चित्र ढोबळमानाने खरे आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. पण या खेळात आणखी एक गोष्ट असते. प्रत्येक खेळाडू जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकेल, याचा २०० पैकी एक छुपा आकडा संगणकाने आधीच ठरवून ठेवलेला असतो. सराव कितीही केला तरी खेळाडू त्या आकड्याच्या पलीकडे जात नाही. माझा हा छोटा रुग्ण मला म्हणाला, ‘डॉक्टरकाका, मी पंधराचा झालो आणि अजून शाळेच्या संघातसुद्धा नाही. माझा आकडा कमीच असणार.’ त्याच्या बोलण्याने मी विचारात पडलो. संगणकाच्या खेळाडूला असा आकडा असतो, पण हाडामांसाच्या मुलाच्या अंगावर तो कोणी लिहिलेला नसतो. तो वाचता येईल असा एक्स-रे नाही आणि तशी रक्ततपासणीही नाही.

शरीरात घड्याळे अनेक

मुळात शरीर एकाच घड्याळावर चालत नाही. वेग आणि स्फोटक ताकद साधारणपणे विशीच्या मध्यावर सर्वांत जास्त असते. झटक्याने आकुंचन पावणारे स्नायुतंतू वयाबरोबर आधी बारीक होतात, म्हणून जोरकस धाव आधी मंदावते. हृदयाचे कमाल ठोके दर दहा वर्षांत मिनिटाला सुमारे सातने कमी होतात. श्रम करताना प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, ज्याला आपण ‘दम’ म्हणतो, ती तिशीच्या आसपासपासून दर दहा वर्षांत साधारण दहा टक्क्यांनी घटते. मात्र नियमित व्यायाम चालू ठेवणाऱ्यांत ही घट जवळजवळ निम्म्यावर आणता येते. हाडांची घनता विशीच्या अखेरीपर्यंत भरत जाते. याउलट चेंडू कोठे येणार हे आधीच ओळखणे, घाई न करणे, कोणत्या क्षणी दम राखायचा हे समजणे, या गोष्टी अनुभवाने वाढत जातात.

म्हणून प्रत्येक खेळाचा आणि प्रत्येक जागेचा भर निरनिराळ्या वयात येतो. फुटबॉलमध्ये बगलेने धावणारा आघाडीचा खेळाडू विशीच्या मध्यावर भरात असतो. मधला बचावपटू विशीच्या अखेरीस आणि गोलरक्षक त्याहूनही पुढे भरात येतो. इटलीचा गोलरक्षक दिनो झोफ १९८२ साली विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार होता, तेव्हा त्याने चाळिशी गाठली होती. उलट पेलेने १९५८ चा विश्वचषक जिंकला तो सतराव्या वर्षी. दोन्ही उदाहरणे खरीच आहेत, पण त्यांतले एकही नियम होऊ शकत नाही.

आपल्याकडची उदाहरणे

लांब कशाला जायचे? पश्चिम रेल्वेच्या आपल्याच उपनगरांत पाहा. बोरिवलीच्या शाळेत रोहित शर्मा आला तो ऑफस्पिन गोलंदाज म्हणून. त्याच्यातला फलंदाज प्रशिक्षक दिनेश लाड यांनी हेरला. एकदिवसीय सामन्यांत तो सलामीला स्थिरावला २०१३ मध्ये, म्हणजे भारतीय संघात आल्यानंतर सुमारे सहा वर्षांनी. विश्वविक्रमी २६४ धावा काढल्या तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. २०१९ च्या विश्वचषकातली पाच शतके बत्तिसाव्या वर्षी झाली, आणि २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक कर्णधार म्हणून उचलला तो सदतिसाव्या वर्षी. त्याचा भर नेमका कोणत्या वर्षी होता, हे सांगा पाहू!

फुटबॉलमध्ये मुंबईचाच राहुल भेके पाहा. अंधेरीच्या मैदानावर १७ मार्च २०१९ रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला डोक्याने गोल मारून त्याने बेंगळुरूला अजिंक्यपद मिळवून दिले. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि भारतीय संघाकडून त्याचा पहिला सामना व्हायचा होता! तो त्याच वर्षी जूनमध्ये झाला. पुढे २०२४ मध्ये मुंबई सिटीने ही स्पर्धा जिंकली, तेव्हा तेहतिसाव्या वर्षी तो संघाचा कर्णधार होता.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे लष्करात भरती झाल्यानंतर, २०१५ च्या सुमारास, स्पर्धेतल्या धावण्याकडे वळला. राष्ट्रकुल स्पर्धेतले स्टीपलचेसचे रौप्यपदक त्याने २०२२ मध्ये मिळवले, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. कोल्हापूरची नेमबाज तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली, पण ऑलिंपिकमध्ये ती पहिल्यांदा उतरली २०२१ साली टोकियोला, चाळिसाव्या वर्षी.

सचिन तेंडुलकरचे नाव येथे कोणीतरी घेणारच. तो सोळाव्या वर्षी कसोटी खेळला हे सर्वांना पाठ असते. पण एकदिवसीय सामन्यातले द्विशतक त्याने २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरला केले, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. पालक सोळा लक्षात ठेवतात आणि छत्तीस विसरतात.

वाढत्या वयातील मुले

आता पालकांसाठी महत्त्वाचा भाग. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण अकरा-बाराव्या आणि मुलांमध्ये तेरा-चौदाव्या वर्षी येतो. पण त्यात दोन-दोन वर्षांचा मागेपुढे फरक अगदी स्वाभाविक असतो. त्यामुळे तेरा वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अगदीच पोरसवदा दिसतो. संघ निवडताना पहिला उजवा ठरतो. पाच वर्षांनी हा फरक बहुधा उरत नाही, पण तोपर्यंत दुसऱ्या मुलाने खेळ सोडलेला असतो. वयोगट १ जानेवारीपासून मोजला, तर जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठे असूनही एकाच गटात खेळते. निवड झालेल्या मुलांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले जास्त आढळतात, असे अनेक देशांत दिसून आले आहे. तेव्हा बाराव्या वर्षी निवड झाली नाही, याचा अर्थ गुण नाहीत असा मुळीच नाही.

दुसरा धोका अतिसरावाचा. या वयात लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. ती हाडापेक्षा नाजूक असते. रोज तीच उडी, तीच किक, तीच गोलंदाजी केल्यास तिच्यावर ताण येतो. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखरा उंचवटा येणे किंवा धावताना टाच दुखणे या तक्रारी खेळणाऱ्या मुलांत नेहमीच्या आहेत. विश्रांती, बर्फाचा शेक आणि सराव कमी करणे एवढ्याने त्या बहुधा बऱ्या होतात. ‘दुखले तरी खेळ, भर निघून जाईल’ असे म्हणून मुलाला वेदनाशामक गोळी देऊन मैदानात पाठवणे ही मात्र मोठी चूक. त्याने भर तर येत नाहीच, उलट दुखणे कायमचे मागे लागते.

एक सोपा नियम सांगतो. मुलाचे वय जितकी वर्षे, आठवड्याला त्याहून जास्त तास शिस्तबद्ध सराव नको. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाला बारा तास पुरेत. आठवड्यात निदान एक दिवस संपूर्ण सुटी द्यावी. वर्षातून मधूनमधून मिळून तीन महिने तरी त्या खेळापासून मोकळीक असावी. पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नये. पोहणे, लंगडी, खो-खो, सायकल, सर्व करू द्यावे. खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर ते सरावाचे लक्षण म्हणून सोडून देऊ नये. पोटात पुरेसे अन्न जात नसल्याची आणि हाडे कमकुवत होत असल्याची ती सूचना असू शकते. तिला डॉक्टरांना दाखवावे.

पस्तिशीनंतर काय?

आता दुसरा गट. हिरव्या कृत्रिम गवताची, दिव्यांच्या झगमगाटातली ‘टर्फ’ मैदाने आता आपल्या भागात जागोजागी झाली आहेत. आठवडाभर खुर्चीवर बसून काम करणारी मंडळी शनिवारी रात्री तासाच्या भाड्याने मैदान घेतात आणि विशीतल्या वेगाने धावायला जातात. आणि सोमवारी दवाखान्यात लंगडत येतात! मांडीच्या मागचा स्नायू भरणे हे नेहमीचेच. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड कंडरा तुटली, तर मागून कोणी लाथ मारली असे वाटते आणि ‘फट’ असा आवाजही येतो. अशा वेळी मालिश करत बसू नये, त्याच दिवशी अस्थितज्ज्ञांकडे जावे.

त्याहून गंभीर गोष्ट हृदयाची. आपल्या लोकांत हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण पाच ते दहा वर्षे आधी येतो. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, जे तंबाखू-सिगारेट ओढतात किंवा खातात, ज्यांच्या वडिलांना वा भावाला तरुणपणी हृदयविकार झाला आहे, त्यांनी जोरकस खेळ सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी. खेळताना छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, दरदरून घाम, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागल्यास ताबडतोब थांबावे. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून पुढचा डाव खेळू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ऐन भरातल्या खेळाडूवरही असा प्रसंग येऊ शकतो. डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेच्या सामन्यात एकोणतिसाव्या वर्षी मैदानावरच कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. जवळच्या माणसांनी लगेच छाती दाबायला सुरुवात केली, विजेचा झटका देणारे यंत्र मैदानावर होते, म्हणून तो वाचला आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळला. कोणी असे कोसळून बेशुद्ध झाले आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटीमीटर खोल दाबत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये.

मग पस्तिशीनंतर खेळूच नये काय? अवश्य खेळावे, पण आधी शरीर तयार करून. आठवड्याला निदान १५० मिनिटे झपझप चालावे, दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत. असे दोन-तीन महिने झाले की खेळाला उतरावे. सकाळी आरे वसाहतीच्या रस्त्यांवर साठी उलटलेली माणसे जोमाने चालताना दिसतात. त्यांचा वेग विशीचा नाही, पण ती घरी बसलेल्या कित्येक तरुणांपेक्षा ठणठणीत आहेत.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. उमेदीचे एकच वय नसते. वेग, दम, ताकद आणि समज यांचा भर वेगवेगळ्या काळी येतो.

२. सोळा वर्षांच्या आत ‘हा मोठा खेळाडू होणार नाही’ असा निकाल कोणीही देऊ नये.

३. वाढत्या वयातील दुखणे अंगावर काढू नये आणि गोळीने दाबू नये.

४. पस्तिशीनंतर आधी तपासणी, मग तयारी आणि मग खेळ, हा क्रम मोडू नये.

संगणकावरचा व्यवस्थापक उतार लागलेला खेळाडू विकून टाकतो आणि नवा घेतो. आपल्याला शरीर एकच मिळालेले आहे, ते बदलून मिळत नाही. म्हणून त्याला लहानपणी पिळू नये आणि पुढे गंज चढू देऊ नये, एवढेच पालकांना व प्रौढांना माझे सांगणे आहे.