पुढचं पॉकेट बदलायचंय? आधी चेन मोजा

१०० ते १२५ सीसीच्या गाडीचं पुढचं चेन पॉकेट (स्प्रॉकेट) एकटं घेतलं तर साधारण १५० ते ३०० रुपयांत मिळतं. बसवायची मजुरी १०० ते १५०. पूर्ण चेन सेट घ्यायचा तर खर्च चौपट-पाचपट. म्हणून बरेच जण पुढचं पॉकेट तेवढं बदलतात आणि काही महिन्यांत परत गॅरेजच्या दारात उभे राहतात. कारण साधं आहे. वापरून लांबलेल्या चेनच्या कड्या नव्या दात्यांच्या खाचेत नीट बसत नाहीत, दात्यांवर चढतात आणि नवं पॉकेट झपाट्याने खातात. दोन वेळा मजुरी, दोन वेळा पॉकेट, आणि शेवटी पूर्ण सेट घ्यावा लागतो तो लागतोच.

तेव्हा पुढचं पॉकेट, मागचं पॉकेट आणि चेन एकत्रच बदला. नुसतं पुढचं बदलणं फक्त दोन वेळा परवडतं: चेन जवळजवळ नवी असताना तुम्हाला दात्यांची संख्या बदलायची असेल तर, किंवा आधी कोणी चुकीच्या मापाचं पॉकेट बसवलं असेल आणि चेन अजून मापात असेल तर. दोन्ही वेळा चेन मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोजायला मॅकेनिक लागत नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. चेन ताणून धरा, एका पिनच्या मध्यापासून मोजायला सुरुवात करा आणि पुढच्या विसाव्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा. म्हणजे २० कड्या होतात. ४२८ नंबरच्या चेनला हे अंतर नवं असताना २५४ मिमी असतं. २५९ झालं की चेन संपली. ५२० नंबरला नवं अंतर तीनशे साडेसतरा, म्हणजे ३१७.५ मिमी, ओ-रिंगवाली चेन ३२१ च्या आसपास गेली की बदलायला काढा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवून तीन वेगळ्या ठिकाणी मोजा आणि सगळ्यात मोठं माप धरा. टेप नसेल तर मागच्या पॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढून पाहा. अर्धा दात उघडा पडला, तर निर्णय झाला. मागचे दाते एका बाजूला वाकडे, आकड्यासारखे दिसत असतील किंवा चेन ताणायच्या खुणा शेवटाला आल्या असतील, तरीही तेच.

किलोमीटरवर विसंबू नका. झाकलेली चेन, वेळेवर तेल आणि शहरातला रस्ता असेल तर २०,००० किमी सहज निघतात. पावसाळ्यात कोकणातल्या लाल चिखलातून रोज जाणारी उघडी चेन त्याच्या निम्म्यातही संपते.

खर्च किती?

पुढचे आकडे साधारण अंदाजाचे आहेत. तुमच्या गाडीचा नेमका आकडा बॉक्सवरच्या छापील किमतीवर पाहा. १०० ते १२५ सीसीचा सेट ८०० ते १,५०० रुपये. १५० ते १६० सीसी १,२०० ते २,२००. ३५० सीसीच्या बुलेट वर्गाला २,००० ते ३,५००. ओ-रिंग चेनच्या स्पोर्ट गाड्यांना ४,००० च्या पुढे. मजुरी नाक्यावरच्या गॅरेजमध्ये २०० ते ३००, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ४०० ते ६००, वर कर. वेळ पाऊण ते दीड तास. चेन पूर्ण कव्हरमध्ये असेल तर थोडा जास्त. सकाळी पहिल्या नंबरला गाडी लावा आणि काम होईपर्यंत थांबा.

या रकमेत न धरलेलं, पण हमखास निघणारं सामान वेगळं असतं. मागच्या हबमधले कपलिंग रबर त्यात पहिले. चाक धरून मागचं पॉकेट पुढे-मागे हलवा. खडखड मोकळं हलत असेल तर रबर गेले. १०० ते ३०० रुपयांचं काम आहे आणि चाक उघडलेलंच असतं, तेव्हाच उरका. नंतर त्यासाठी पुन्हा मजुरी द्याल. पुढच्या पॉकेटमागे शाफ्टचं ऑइल सील असतं. कव्हर उघडल्यावर तिथे काळा, तेलकट चिखल दिसला तर आधी तो पुसायला लावा आणि गळती खरंच सीलमधून आहे का ते पाहा. चेनवरून उडालेलं तेलही तिथेच साचतं, आणि ते दाखवून सील बदलल्याचं बिल लावलं जातं. मागच्या अ‍ॅक्सलला कॉटर पिन असेल तर ती नवी घाला, काही रुपयांची वस्तू आहे. पुढच्या नटाखाली दुमडायचा लॉक वॉशर असेल तर तोही नवा. एकदा सरळ केलेला वॉशर पुन्हा दुमडला की तुटतो.

गॅरेजवाला 'शाफ्ट गेला, इंजिन उघडावं लागेल' म्हणाला तर तिथेच थांबा. जुनं पॉकेट काढून नवं पॉकेट शाफ्टच्या खाचांवर हाताने बसवून हलवायला सांगा. नवं घट्ट बसत असेल तर झीज जुन्या पॉकेटची होती. नवंही गोल फिरवताना स्पष्ट हलत असेल तरच शाफ्टचा विचार, तोही दुसऱ्या ठिकाणी दाखवून.

माप जुळवणं

दुकानात जाताना आरसीची प्रत किंवा मोबाइलवरचा फोटो घ्या. मॉडेल, व्हेरियंट आणि बनावटीचं वर्ष तिन्ही लागतात. एकाच नावाच्या गाडीच्या बीएस-४ आणि बीएस-६ आवृत्तीत दाते किंवा चेनची लांबी वेगळी असू शकते. 'सगळ्यांना हाच बसतो' या उत्तरावर पैसे काढू नका. जुन्या पॉकेटवरची दात्यांची संख्या आणि चेनच्या पट्टीवरचा नंबर वाचून घ्या. चिखल असेल तर घासून वाचा.

या नंबरात सगळं असतं. ४२८ मधला ४ म्हणजे दोन पिनांतलं अंतर इंचाचे चार अष्टमांश, अर्धा इंच, १२.७ मिमी. ५२० मधला ५ म्हणजे पाच अष्टमांश, १५.८७५ मिमी. पुढचे दोन आकडे आतली रुंदी सांगतात. फसगत इथेच होते. ५२०, ५२५ आणि ५३० या तिन्हींत पिनांचं अंतर सारखंच, रुंदी मात्र वेगळी. म्हणून ५२० चं पातळ पॉकेट ५३० च्या चेनमध्ये आरामात बसतं, फिरतंही, आणि कोणाला काही कळत नाही. चेन मात्र डावी-उजवीकडे डुलत राहते आणि दोन्ही लवकर संपतात. ४२० आणि ४२८ चं असंच. पुढे-मागे दात बसले म्हणजे जोडी जुळली असं नाही. पॉकेटवरचा आणि चेनवरचा नंबर एकच हवा. नंबरामागे एच असेल, जसं ४२८एच, तर पट्ट्या जाड आहेत एवढंच. ती ४२८ च्या पॉकेटवर चालते, फक्त पुढच्या कव्हरला घासत नाही ना ते चाक हाताने फिरवून बघा.

कड्यांची संख्याही मोजा. चेन लांब निघाली तर मॅकेनिक तोडून देईल, आखूड निघाली तर अर्धी कडी किंवा जुन्या चेनचा तुकडा जोडायला बघेल. अर्धी कडी आणि जुना तुकडा, दोन्हींना नकार द्या. चेन बदलून आणा.

दाते कमी-जास्त करायचे असतील तर हिशोब आधी करा. पुढे १५ आणि मागे ४५ दाते असतील तर प्रमाण ३. पुढे १४ केले की ३.२१. त्याच वेगाला इंजिन सुमारे ७ टक्के जास्त फिरणार. घाटात, डबलसीट ओढ चांगली. हायवेवर आवाज, थरथर आणि पेट्रोल जास्त. एक दात वाढवला तर सगळं उलट. एकापेक्षा जास्त दातांचा फरक करू नका. मोठं पॉकेट कव्हरला लागू शकतं. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालणाऱ्या गाडीत मीटर चुकीचा वेग दाखवतो. वॉरंटी चालू असेल तर हा बदल नकोच.

कुठे घ्यायचं?

कंपनीचा जेन्युइन पार्ट किंवा रोलॉन, डायमंडसारखा ओळखीचा ब्रँड, दोन्ही चालतील. साध्या गाडीला ब्रँडेड सेट पुरेसा आहे, सर्व्हिस सेंटरमधूनच घ्यायची गरज नाही. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. तीन ठिकाणी भाव विचारा, फरक दिसेल. सीलबंद बॉक्स, पार्ट नंबर, उत्पादक आणि छापील किंमत नसेल तर घेऊ नका. बॉक्स तुमच्यासमोर फोडायला सांगा. जेन्युइनच्या बॉक्समधून लोकल पॉकेट बाहेर येणं नवं नाही.

छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. तिच्यावर 'प्लस जीएसटी' लावणं बेकायदा आहे. मजुरीवर मात्र १८ टक्के जीएसटी लागतो, तोही नोंदणी असलेल्या गॅरेजलाच घेता येतो. बिलावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक शोधा; महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते. क्रमांक नसेल तर कर देऊ नका. आणखी एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा २८ टक्क्यांचा जीएसटी १८ वर आला. शेल्फवर त्याआधीचा बॉक्स निघाला तर सुधारित किंमत विचारा. २८ टक्के कर धरून १,२८० छापले असतील, तर १८ टक्क्यांनी ते १,१८० होतात.

काम चालू असताना

पुढचा नट चेन काढण्याआधी, मागचा ब्रेक दाबून सैल करतात. छिन्नी-हातोड्याने ठोकायला लागला तर थांबवा, तो मार बेअरिंगला लागतो. चेनला क्लिप लॉक असेल तर क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं, उघडं टोक मागे. उलट बसवलेली क्लिप रस्त्यात निघते आणि चेन मागच्या चाकात अडकते. हे स्वतः वाकून पाहा, विचारून समाधान मानू नका. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. चेन किती सैल ठेवायची ते मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतं, साध्या गाडीला बहुधा २० ते ३० मिमी. 'आवाज येऊ नये म्हणून टाइट केलीय' हे उत्तर मान्य करू नका. ताठ चेन शाफ्टचं बेअरिंग खाते.

जुना सेट परत मागा. दिलेल्या पैशांत नवा माल खरंच बसला याचा तो पुरावा आहे. बिलावर ब्रँड, पार्ट नंबर आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असतील तर वैध मापन शास्त्र विभागाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बिल आणि बॉक्सचा फोटो घेऊन तक्रार करा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही.

नवी चेन पहिल्या ५०० किमीत थोडी सैल पडते आणि पुन्हा ताणावी लागते. ते काम दिलेल्या मजुरीतच धरलंय का, हे पैसे देण्याआधी विचारून बिलावर लिहून घ्या.