तुर्भ्याची ‘सायरस’ अणुभट्टी

कसारा घाट चढणारी आगगाडी आपण नित्य पाहतों. सदतीस फुटांस एक फूट अशा त्या चढणीवर गाडीस जादा इंजिनें लावावीं लागतात. उतरतांना मात्र जोर पुरविण्याची चिंता नसते. चिंता असते ती वेग आवरण्याची. अणुशक्तीचेंही असेंच आहे. ती जागी करणें कठीण. तिला आवरणें त्याहून अगत्याचें. आपल्या गाड्या ज्या मुंबईस जातात, तेथेंच तुर्भे येथें, ज्यास ट्रॉम्बे म्हणतात, याचें एक बोधप्रद उदाहरण घडलें आहे.

खाणींतून निघणाऱ्या युरेनियमच्या हजार अणूंपैकीं सुमारें सातच अणू सहज फुटणारे, म्हणजे २३५ भाराचे असतात. उरलेले बहुतेक २३८ भाराचे. फुटणाऱ्या अणूंतून उष्णता व न्यूट्रॉन नांवाचे कण बाहेर पडतात. हे कण फार वेगवान असल्यामुळें पुढील अणू सहजासहजीं फोडूं शकत नाहींत. म्हणून त्यांचा वेग मंद करावा लागतो. सायरस भट्टींत हें काम जड पाणी करी. तें न्यूट्रॉन फारसे गिळत नाहीं, केवळ त्यांचा वेग कमी करतें. युरेनियमच्या कांड्या थंड ठेवण्यास साधें पाणी खेळविलेलें असे. न्यूट्रॉन शोषणाऱ्या दांड्या आंत सोडल्या कीं भट्टी बंद पडे.

कांहीं न्यूट्रॉन २३८ भाराच्या अणूंत शिरतात. असा अणू प्रथम नेप्चुनियम व कांहीं दिवसांत प्लुटोनियम बनतो. हें प्लुटोनियमही सहज फुटतें. जळालेल्या कांड्या आम्लांत विरघळवून तें वेगळें काढतां येतें. अमेरिकेंत हॅनफर्ड येथें १९४४ सालीं चालू झालेल्या भट्ट्यांत जड पाण्याऐवजीं ग्राफाइट वापरून तें बनविलें गेलें, आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजीं नागासाकीवर पडलेल्या बाँबमध्यें तेंच होतें.

डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकारानें १९५६ सालीं भारत व कॅनडा यांचा करार झाला. कॅनडांतील चॉक रिव्हर येथील भट्टीच्या नमुन्यावर ही भट्टी उभी राहिली. जड पाणी अमेरिकेनें दिलें. म्हणून कॅनडा, इंडिया, रिअॅक्टर व युनायटेड स्टेट्स यांच्या आद्याक्षरांवरून ‘सायरस’ हें नांव पडलें. १० जुलै १९६० रोजीं तींतील क्रिया प्रथम सुरू झाली. तिची औष्णिक शक्ति ४० मेगावॅट होती. वीज निर्माण करणें हा तिचा हेतु नव्हता. संशोधन व समस्थानिकें यांसाठीं ती होती. रोग्यांच्या उपचारास लागणारीं समस्थानिकें तींत बनत.

कराराची अट होती कीं उपयोग शांततेसाठींच व्हावा. १८ मे १९७४ रोजीं पोखरण येथें झालेल्या स्फोटांत सायरसचेंच प्लुटोनियम वापरलें होतें. भारतानें त्यास शांततामय स्फोट म्हटलें. कॅनडास तें वचनाविरुद्ध वाटलें व त्यानें अणुविषयक साह्य थांबविलें. ‘शांतता’ या एका शब्दाचे दोन देशांनीं दोन अर्थ केले, आणि मैत्रीस तडा गेला. पुढें ३१ डिसेंबर २०१० रोजीं ही भट्टी कायमची बंद करण्यांत आली.

यांतून आपण काय घ्यावें? तीच भट्टी रोग्यास औषध देते व स्फोटासही द्रव्य पुरविते. निवड भट्टी करीत नाहीं, माणूस करितो. दांड्यांनीं भट्टी आवरतां येते. माणसास आवरण्यास दिलेल्या शब्दाची चाड व विवेकच लागतो. म्हणून, बालमित्रहो, शास्त्र मन लावून शिका, आणि शब्द देतांना त्याचा अर्थ प्रथम नीट ठरवून घ्या.