आजीची ट्रंक आणि हाराजुकूचा रविवार

अगं, लातूरला खोली घेऊन नीटची तयारी करणाऱ्या तुझ्यासारख्या पोरींच्या मोबाइलमध्ये काय काय साठवलेलं असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. झालरींचे घेरदार फ्रॉक, केसांत ओळीनं लावलेल्या रंगीबेरंगी क्लिपा, एका पायात गुलाबी मोजा तर दुसऱ्यात पिवळा. टोकियोतल्या हाराजुकूच्या मुली! ते फोटो दाखवत तू विचारतेस, "अक्का, मला असं राहायला फार आवडेल गं, पण आपल्याकडं कसं जमणार?"

जमेल. फक्त त्या मुलींकडून नेमकं काय घ्यायचं, ते आधी समजून घेऊ.

हाराजुकूत १९७७ पासून रविवारी मोठा रस्ता गाड्यांना बंद करायचे आणि तो चालणाऱ्यांचा व्हायचा. तरुण पोरं-पोरी तिथं जमायची, नाचायची, गाणी म्हणायची, मनासारखे कपडे घालून फिरायची. आठवडाभर त्यांच्याही अंगावर शाळेचा गणवेशच असायचा. कितीतरी जणी पिशवीत कपडे घेऊन रेल्वेनं यायच्या आणि तिथं येऊन बदलायच्या. १९९८ मध्ये रस्ता बंद ठेवायचं थांबलं, पण तोवर त्या गल्ल्यांना आपली अशी ओळख मिळाली होती.

शोइची आओकी नावाच्या छायाचित्रकारानं १९९७ मध्ये 'फ्रूट्स' हे मासिक काढलं. रस्त्यावरच्या या मुलामुलींचे पानभर फोटो त्यात असायचे. मला त्या फोटोंपेक्षाही त्यांच्याखालची माहिती जास्त मोलाची वाटते. नाव, वय, काय शिकते, आणि अंगावरची एकेक वस्तू कुठून आली. ती वाचत गेलीस की लक्षात येतं, स्कर्ट जुन्या कपड्यांच्या दुकानातला, पिशवी हातानं शिवलेली. महागाचं कधीतरी एखादंच काहीतरी. काही जणी किमोनोचे भाग, कमरेचा ओबी, लाकडी चपला असलं जुनं घरगुती सामान पाश्चात्त्य कपड्यांवर घालायच्या. शिवाय आजच्या पेहरावातली खास गोष्ट कोणती, हेही तिथं एका ओळीत लिहिलेलं असायचं.

२३३ अंक काढून २०१७ मध्ये आओकींनी मासिक थांबवलं. फोटो काढावा अशी मुलंच आता रस्त्यावर दिसत नाहीत, असं कारण त्यांनी दिलं. तोवर तयार कपड्यांची मोठमोठी परदेशी दुकानं हाराजुकूत आली होती. म्हणून सांगते, मोबाइलवरून तसाच्या तसा फ्रॉक मागवलास तर हाराजुकूचं मर्म तुझ्या हाती लागणार नाही. त्या पोरींनी हाताशी होतं ते घेतलं आणि आपल्या मर्जीनं मांडलं. तूही तेच कर. तुझ्या हाताशी मराठवाडा आहे, आणि तो काही थोडाथोडका नाही.

सुरुवात आजीच्या ट्रंकेपासून करू. आपल्याकडच्या आज्यांचं नेसणं म्हणजे इरकल. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावची ही साडी मराठवाड्याच्या अंगवळणी पडलेली आहे. ती हातात घेऊन नीट बघ. अंग साधं, नाहीतर बारीक चौकड्यांचं. पदर लाल, त्यात पांढरे पट्टे आणि दातेरी नक्षी. हा पदर मागाहून शिवलेला नसतो. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा, आणि मागावरच एकेका धाग्याचा फास दुसऱ्यात अडकवून दोन्ही जोडतात. या जोडणीला टोपे तेणी म्हणतात. साडी जीर्ण झाली की अंग विरतं, पण काठ आणि पदर बहुधा टिकून राहतात.

अशा विरलेल्या इरकलीचं छान जाकीट होतं. जपानमध्ये किमोनोवर हाओरी नावाचं समोरून उघडं, सरळ कापाचं जाकीट घालतात. त्यात ना डार्ट, ना फिटिंग, त्यामुळं कोणत्याही टेलरकाकांना ते जमतं. लाल पदर पाठीवर येईल असा ठेवायला सांग. काठाची अखंड पट्टी गळ्यापासून दोन्ही बाजूंनी खालपर्यंत लाव. आतून मलमलचं अस्तर. जिथं कापड विरलंय, तिथं त्याच साडीचा तुकडा आतून ठेवून वरून जवळजवळ धावदोरा घाल. आपल्या आया-आज्या वाकळ शिवताना घालतात, तोच. जपानच्या उत्तरेला आओमोरीच्या थंडीत कापूस पिकत नव्हता, तेव्हा तिथले गरीब लोक सुती चिंध्यांचे थर असेच शिवून अंगावर घालायचे. बोरो म्हणतात त्याला. ज्या कपड्यांची एके काळी लाज वाटायची, ते आज संग्रहालयांत मानानं मांडलेत. वाकळीचा टाका तुझ्या जाकिटावर दिसला तर तो लपवू नकोस. आणि एक सांभाळ, चांगली धडधाकट साडी कापायची नाही, आणि विरलेलीसुद्धा आजीला विचारल्याशिवाय नाही.

आता तुला आवडणारी लोलिता नावाची हाराजुकूची शैली. घेरदार स्कर्ट, झालरी, बंद गळा, झाकलेले खांदे. यातलं बरंचसं युरोपातल्या जुन्या काळच्या कपड्यांवरून घेतलंय. ही शैली मुळातच अंगभर कपड्यांची आहे, म्हणून घरून विरोध होईल ही तुझी भीती मला तितकीशी खरी वाटत नाही. आपलं खणाचं परकर-पोलकं तिच्या किती जवळ जातं, ते घालूनच बघ. पिंढरीपर्यंत येणारा खणाचा घेरदार परकर, वर पांढरा सुती ब्लाउज, गळ्याला बारीक झालर, बाहीला चुण्या. हातमागाच्या खणाचा पन्हा कमी असतो, म्हणून कापड घ्यायच्या आधी टेलरला विचार किती लागेल; कळ्या पाडून शिवला तर घेर चांगला येतो. घेर फुलवायला आत कॅनकॅन लावायचा मोह होईल, पण आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. जाळीऐवजी कडक सुती परकर घाल. कॅनकॅन दिवाळीनंतरच्या थंडीत.

रोजच्यासाठी खादी घे. तिरंग्यासाठीची खादी आपल्या उदगीरला विणतात आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचे ध्वज शिवले जातात. इतकं मानाचं काम करणारे हात आपल्या शेजारी आहेत. साधी पांढरी किंवा न रंगवलेली खादी घेऊन सैल शर्ट शिव, खिसे मोठे ठेव. रेई कावाकुबो आणि योजी यामामोतो या जपानी फॅशन डिझायनरांनी १९८१ पासून पॅरिसमध्ये सैल, अंगाला न चिकटणारे कपडे दाखवले आणि बाई कशी दिसावी याबद्दलच्या ठरीव कल्पनाच हलवल्या. उंची, जाडी, रंग यांवरून तुला कुणी काही ऐकवलं असेल, तर अशा सैल कापाचा कपडा एकदा घालून बघ. त्यात तुझं शरीर कुणाच्या मापाला उतरत नाही, हा प्रश्नच उरत नाही.

क्लिपा, मणी, लटकनांचा सोस असेल तर त्या शैलीला देकोरा म्हणतात. त्यासाठी लातूरच्या गंजगोलाईत जा. मध्ये जगदंबेचं देऊळ आणि भोवती फुटलेले सोळा रस्ते. एका दुपारी सगळं बघून होणार नाही. आणि मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, तिथं एकदा तरी जाच. घोड्या-उंटांचा बाजार असतो, जनावरांच्या साजाचे गोंडे, घुंगरं, कवड्या मिळतात. त्यातलं एखादं बॅगेला लाव. बंजारा बायांचं आरशांचं भरतकाम घ्यायचं असेल तर ते जिनं केलंय तिच्याकडून घे, तिनं सांगितलेला भाव दे आणि एकेका टाक्याला किती वेळ लागला ते विचार. ते तिचं रोजचं जगणं आहे, गंमत म्हणून घालायचं सोंग नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानांत कडे दिसतील. ज्यांच्यासाठी ती श्रद्धेची वस्तू आहे, त्यांच्याकडून आधी समजून घे, मगच ठरव. जपानी गोष्टींनाही हाच नियम. किमोनोसारखं काही घातलंस तर डावी बाजू वर ठेव. उजवी बाजू वर तिथं फक्त मृतांना नेसवतात.

क्लासच्या दिवसांचं काय, असं म्हणशील. १९९० च्या दशकात टोकियोच्या शिबुया भागातल्या शाळकरी मुलींनी गणवेश न सोडताच आपली छाप पाडली. पायात ढगळ, घड्या पडलेले मोजे घातले आणि सगळ्या जपानभर त्यांची लाट आली. तूही एवढंच कर. कुर्ता क्लासचा, पण मोजे तुझे, केसांची क्लिप तुझी, बॅगेचं लटकन तुझं. परीक्षेच्या दिवशी मात्र नियमाप्रमाणे अर्ध्या बाहीचा साधा कुर्ता आणि साधी चप्पल, त्यात काही करायला जाऊ नकोस.

आता घरच्यांचं. चोरून काही करू नकोस बाई. आईला आधी सांग, जमलं तर जाकिटाचे टाके तिच्याबरोबर बसून घाल. तिच्या हातचं काम त्यात आलं की तीच शेजारणीला कौतुकानं दाखवेल. पहिल्यांदा बाहेर जाताना सगळं एकदम अंगावर चढवू नकोस. एकच नवी गोष्ट, बाकी नेहमीचं, आणि बरोबर एक मैत्रीण. लोक बघतील, दोघंचौघं बोलतील. तोच कपडा पुन्हा पुन्हा घातलास की बघणाऱ्यांना सवय होते, आणि मुख्य म्हणजे तुला होते. फोटो टाकायचा असेल तर आधी ओळखीच्यांपुरता टाक. अनोळखी माणसाच्या एका वाईट शब्दासाठी आपला आनंद गहाण ठेवू नये.

पैशाचंही सांगते. ब्रँडचा लोलिता फ्रॉक हजारो येनांचा असतो. बाबांनी फी कशी भरलीय ते तुला माहीत आहे. तुझी शैली महिन्याच्या खर्चातून वाचलेल्या पैशांत बसली, तरच ती पुढं टिकेल.

एक वही कर. 'फ्रूट्स'मध्ये असायचं तसं रविवारी लिही: आज काय घातलं, प्रत्येक वस्तू कुणाकडून आली, कुणी शिवली, आणि आजची खास गोष्ट कोणती. शेवटचा रकाना रिकामा राहू देऊ नकोस. चार-सहा महिन्यांनी मागची पानं चाळलीस की तुझं तुलाच दिसेल, कोणता रंग पुन्हा पुन्हा येतो, कोणता काप तू सोडत नाहीस. त्याचंच नाव तुझी शैली. ती कोणत्या शैलीच्या नावात बसते की नाही, याची काळजी करू नकोस.

आणि पुढच्या सुट्टीत घरी गेलीस की बाजारात जायच्या आधी आजीजवळ बस. ट्रंक उघडायला लाव. एकेक लुगडं कुठं घेतलं, कुणी दिलं, कधी नेसली, सगळं विचार आणि लिहून घे. कात्री नंतर हातात घे.