पर्णकृमि व त्याचा खोटा शिक्का

पावसाळा सरून तळ्यांचें पाणी ओसरूं लागलें, म्हणजे कांठचें हिरवें गवत जनावरांस मोठें गोड लागतें. पुढें तीनचार महिन्यांनीं त्यांतील एखादें जनावर दाणावैरण खाऊनहि खंगत जातें, जबड्याखालीं सूज उतरते, म्हशीचें दूध आटतें. असें जनावर मेल्यावर यकृत चिरून पाहिल्यास पित्ताच्या नळ्यांत एक ते तीन इंच लांबीचे, पानासारखे चपटे कृमि आढळतात. हेच पर्णकृमि. आपल्याकडील मुख्य जातीस शास्त्रांत फॅसिओला जायगँटिका म्हणतात; थंड मुलखांत फॅसिओला हेपॅटिका ही तिची आखूड बांध्याची भावंड जात असते.

याचें जीवनचरित्र पुष्कळांस ठाऊक असेल, म्हणून थोडक्यांत सांगतों. शेणाबरोबर अंडीं पाण्यांत जातात. त्यांतून निघालेला जीव गोगलगाईच्या अंगांत वाढतो, व बाहेर पडून गवताच्या पातीवर कवच करून बसतो. तें गवत जनावराच्या पोटांत गेलें, कीं कोवळा कृमि कवचांतून सुटतो, आंतड्याची भिंत भेदतो आणि पोटाच्या पोकळींतून यकृतांत शिरतो.

येथें एक शंका येते. पायांत बाभळीचा कांटा मोडला, तर शरीर तेथें पू करून त्यास बाहेर ढकलूं पाहतें. मग हा परका जीव आंतडें फोडून हिंडत असतां शरीर स्वस्थ कसें बसतें?

प्रत्येक प्राण्याच्या शरीरांत वाढीचा निरोप पोंचविणारीं प्रथिनें असतात. पेशीनें केव्हां वाढावें, जखम केव्हां भरावी, रक्षक पेशींनीं केव्हां चालून जावें व केव्हां थांबावें, हें त्यांच्या निरोपानें ठरतें. पेशीच्या अंगावर निरोप घेणारें ग्राहक असतें. कुलुपांत किल्ली बसावी तसें प्रथिन त्यांत बसलें, तरच हुकूम आंत पोंचतो. टीजीएफ-बीटा हें अशांपैकींच एक. हेपॅटिका जातीचा कृमि याच घराण्यांतील एक प्रथिन स्वतः तयार करतो, व तें त्याच्या वाढीस उपयोगी पडतें, हें आधींच कळलें होतें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें, कीं तें यजमान प्राण्याच्या ग्राहकांतहि बसतें!

माझें आयुष्य कचेरींत गेलें, म्हणून मला हें असें दिसतें: साहेबाचा शिक्का कोणी परक्यानें कोरून घेतला, आणि त्या शिक्क्याच्या हुकमावर पहारेकरी घरीं निघून गेले. या हुकमानें रक्षक पेशी चकमक शमविणारीं द्रव्यें सोडूं लागतात, आणि कृमीस मारण्यास लागणारा नायट्रिक ऑक्साइड कमी तयार करतात. जखम सांधणाऱ्या पेशीहि मंदावतात, त्यामुळें कृमीनें पाडलेली वाट लवकर बुजत नसावी. विशेष हें, कीं हें प्रथिन आंतड्यांतील अगदीं कोवळ्या अवस्थेंतच आढळलें, म्हणजे भिंत भेदण्याच्या ऐन वेळीं. हे प्रयोग हेपॅटिका जातीसंबंधीं व बव्हंशीं प्रयोगशाळेंतील पेशींवर झालेले आहेत, एवढें मात्र ध्यानांत ठेवावें.

याचें महत्त्व औषधाच्या बाजूनें आहे. बहुतेक औषधें वाढलेल्या कृमींवरच चांगलीं लागू पडतात. कोवळ्यांसहि मारणारें ट्रायक्लाबेंडाझोल आहे खरें. परंतु त्यास न जुमानणारे हेपॅटिका कृमि १९९५ सालीं ऑस्ट्रेलियांत नोंदले गेले, व पुढें इतर देशांतहि निघाले. लस अजून बाजारांत आलेली नाहीं. हा खोटा शिक्काच निकामी करतां आला, तर कृमि दारांतच सांपडेल, अशी संशोधकांस आशा आहे.

तोंपर्यंत पाणथळ जागेचें गवत कापून कडक उन्हांत पुरतें वाळवून घालावें, कारण कवचांतील जीव ओलाव्यावांचून फार काळ तग धरीत नाहीं. ताजें शेण तळ्याच्या कांठीं पडूं न देतां खड्ड्यांत कुजवावें. औषधाची मात्रा पशुवैद्याकडून जनावराच्या वजनावर ठरवून घ्यावी; शेजाऱ्याच्या बैलास दिली तेवढीच आपल्या वासरास, हा हिशेब येथें चालत नाहीं.